किल्ली कुणाकडे आहे?

गेल्या वर्षी एका दुष्काळी तालुक्यातल्या लहानशा गावी ग्रामसभेला बसलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, समोर टेबल, टेबलावर हजेरीची वही. आदली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती. गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसं ग्रामसभेला लागतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन राहत नाही. त्यामुळे पुष्कळ गावांत तहकुबीनंतरची सभा हीच खरी सभा होऊन बसली आहे. इथंही चाळीसेक माणसं होती. विषय झरझर वाचले जात होते, 'मंजूर, मंजूर' चाललं होतं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक मुलगी उठली. वीस वर्षांची, तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणारी, रोज एसटीनं ये-जा करणारी. तिच्या मोबाइलमध्ये आठ महिन्यांपूर्वीच्या प्रोसिडिंगचा फोटो होता. तिनं तो ठराव वाचून दाखवला: जुन्या तालमीशेजारची ग्रामपंचायतीची खोली मुलामुलींना अभ्यासिकेसाठी द्यावी, सर्वानुमते मंजूर. मग तिनं विचारलं, "ठराव झाला, पण खोलीला कुलूप तसंच आहे. किल्ली कुणाकडे आहे?"

एक ज्येष्ठ गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाळ, तुझे आजोबा बसलेत ना इथं? त्यांना सांग, ते मांडतील." ती बसली नाही. "यादीत माझंही नाव आहे," एवढंच म्हणाली आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो एका खोलीपुरता नाही. तरुणांनी राजकारणात यावं, समाजकारणात यावं, असं आपण प्रत्येक भाषणात ऐकतो. यायचं ते कुठल्या दारानं, हे कुणी सांगत नाही. या राज्यात अशी दारं होती. त्यांतून येऊन माणसं मोठी झाली. ती दारं एकामागून एक बंद होत गेली आणि त्यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत हे आता विचारायला हवं.

एका माणसाचा रस्ता आठवून पाहू. 1979 साली सांगली जिल्हा परिषदेवर सावळज गटातून एक पोरसवदा तरुण निवडून आला. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचा. जन्म 16 ऑगस्ट 1957 चा, म्हणजे वय जेमतेम एकवीस-बावीस. त्या काळी मतदानाचं वयच 21 होतं. ते 18 वर आलं 1989 मध्ये. बरोबरीचे लोक पहिल्यांदा बोटाला शाई लावून घेत होते, त्या वयात हा मुलगा दारोदार मतं मागत होता. घरात पैसा नव्हता. पाठीशी साखर कारखाना नव्हता की शिक्षणसंस्था नव्हती. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये 'कमवा आणि शिका' योजनेत काम करत तो शिकला होता. पुढे महाराष्ट्र त्याला आर. आर. पाटील म्हणून ओळखू लागला आणि साध्या माणसांनी त्याला 'आबा' म्हटलं.

आबांच्या घडणीत शांतिनिकेतनचा वाटा मोठा. ही संस्था उभी करणारे प्राचार्य पी. बी. पाटील हे शिक्षक तर होतेच, शिवाय पंचायत राज्याचे जाणकार होते. राज्यातल्या पंचायत राज्य व्यवस्थेचा फेरविचार करण्यासाठी 1984 मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल 1986 मध्ये आला. हाताला काम देऊन शिकवणारी शाळा आणि गावाच्या कारभाराचा विचार करणारा गुरू, असं वातावरण ज्या विद्यार्थ्याला मिळालं, त्याला जिल्हा परिषद परकी वाटली नसेल, यात नवल नाही. 'कमवा आणि शिका' ही कर्मवीर भाऊराव पाटलांनी महाराष्ट्राला दिलेली देणगी. गरिबाच्या पोराला फुकटचं नको, पण फी नाही म्हणून वर्गाबाहेरही ठेवायचं नाही, हा त्यामागचा विचार. आबांना सार्वजनिक जीवनाचं पहिलं दार उघडलं ते इथं. बागेत, कार्यालयात काम करून फी भरणाऱ्या मुलाला पैशाची किंमत कुणी वेगळी शिकवावी लागत नाही. असा मुलगा उद्या सभागृहात बसला, की लोकांच्या पैशाकडेही त्याच नजरेनं पाहतो.

दुसरं दार जिल्हा परिषदेचं. हे दार यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत बसवलं गेलं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळाखोल्या, दवाखाने, रस्ते, पाझर तलाव, शेतीच्या योजना असा सगळा रोजचा संसार गावाजवळ आला. सदस्य होणाऱ्या तरुणाला इथं काय शिकायला मिळतं? अंदाजपत्रकातला आकडा आणि प्रत्यक्ष आलेला निधी यांत फरक का पडतो. गुरुजींची बदली थांबवा म्हणून एक गाव येतं आणि गुरुजी बदला म्हणून दुसरं येतं, तेव्हा कुणाला काय सांगायचं. मोजमाप पुस्तिकेत लिहिलेला रस्ता आणि पायाखालचा रस्ता एकच आहे की नाही, हे कसं तपासायचं. हे कुठल्या शिबिरात शिकवता येत नाही. आबा हे अकरा वर्षं शिकले आणि 1990 मध्ये तासगावमधून विधानसभेत गेले. तिथून सलग सहा वेळा त्यांना लोकांनी निवडून दिलं.

1999 मध्ये ते ग्रामविकासमंत्री झाले, तेव्हा त्या शिक्षणाचं पीक हाती आलं. संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 मध्ये सुरू झालं. त्याची रीत पाहण्यासारखी होती. सरकारनं आधी पैसे वाटले नाहीत. गावांनी आधी झाडू हातात घ्यायचा, गटारं काढायची, संडास बांधायचे, मग तपासणी, मग बक्षीस. गावाला इर्षा असते, अभिमान असतो, शेजारच्या गावापेक्षा मागे राहायचं नसतं, हे ज्याला कळतं तोच अशी योजना आखू शकतो. हे कळणं मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर येत नाही; सावळज गटातल्या वाड्यावस्त्या पायाखाली घातल्यावर येतं. 2007 मध्ये गृहखातं सांभाळताना त्यांनी सुरू केलेली तंटामुक्त गाव मोहीम त्याच जातीची: बांधावरून, वाटेवरून होणारी भांडणं पोलिसांच्या दारी जाण्याआधी गावातच मिटावीत, ही तिची कल्पना. गृहमंत्री असताना गडचिरोलीसारख्या जिल्ह्याचं पालकत्व त्यांनी पत्करलं. चुकाही झाल्या. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर बोललेल्या एका वाक्यापायी त्यांना पद सोडावं लागलं, आणि तो लोकांचा राग रास्त होता. पण फेब्रुवारी 2015 मध्ये ते गेले, तेव्हा अंजनीच्या वाटेवर जी माणसं रडत होती, ती त्यांच्याशी हिशेब पुरा करूनच रडत होती.

हा रस्ता एकट्या आबांचा नाही, आणि एकाच पक्षाचाही नाही. विलासराव देशमुखांची सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासून झाली. गोपीनाथ मुंडे अंबाजोगाईच्या महाविद्यालयातून विद्यार्थी चळवळीत आले, मग बीड जिल्हा परिषदेत गेले, मग विधानसभेत. देवेंद्र फडणवीस 1992 मध्ये नागपूर महापालिकेवर निवडून आले तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे होते. यांच्या विचारांबद्दल, कारभारांबद्दल कुणाचं काहीही मत असो. ही माणसं खालच्या पायरीवर उभी राहून वर आली आणि ती पायरी त्यांना विशीत मिळाली, एवढं तरी सर्वांना मान्य व्हावं.

आता आजच्या अंजनीतल्या अशाच एखाद्या मुलाकडे पाहा. हुशार आहे, बोलतो बरा, लोकांच्या कामाला धावतो, आडनावाला वजन नाही, खिशात पैसा नाही. तो कुठून येणार?

महाविद्यालयातून येईल म्हणावं, तर 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी निवडणुका बंद केल्या. त्याआधीच्या काळात निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या होत्या, रक्तही सांडलं होतं; कायदा करणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. पण उपाय असा निघाला की वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी. ज्याला गुण जास्त त्यानंच बाकीच्यांच्या वतीनं बोलावं, हा न्याय मला कधी समजला नाही. गुणपत्रिका अभ्यासाचं माप सांगते. चारजणांचं गाऱ्हाणं ऐकून घेऊन ते ठामपणे मांडण्याचं बळ कुणात आहे, हे त्यावरून कळत नाही. पुढे 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुका पुन्हा कागदावर आणल्या. 2019 मध्ये वेळापत्रक निघालं आणि पुढे ढकललं गेलं. त्यानंतर महाविद्यालयांच्या आवारात मतपेटी आलीच नाही. ज्यांनी 1994 मध्ये अकरावीला प्रवेश घेतला, त्यांची मुलं आज महाविद्यालयात आहेत. दोन पिढ्यांनी आपला प्रतिनिधी आपण निवडण्याचा, निवडणूक हरण्याचा आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर जिंकलेल्याशेजारी बसण्याचा अनुभव घेतलेला नाही. हरणं पचवायला शिकवणारी दुसरी शाळा आपल्याकडे कुठे आहे?

हिंसेची भीती असेल तर तिच्यावर उतारा केव्हाच सांगून झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या, माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी 2006 मध्ये न्यायालयानं लागू केल्या. उमेदवाराचा खर्च 5,000 रुपयांच्या आत. वर्गातली हजेरी किमान 75 टक्के. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी वयाची मर्यादा 22. आणि मला सर्वांत आवडलेली अट: छापील पोस्टर चालणार नाही, हातानं रंगवलेलंच लावायचं. चौकाचौकांत फ्लेक्सवर चेहरा छापून 'युवा नेते' होण्याच्या या दिवसांत, रात्रभर जागून ब्रशनं स्वतःचं म्हणणं कागदावर उतरवणारा मुलगा मला दिसतो. त्याला निदान आपलं म्हणणं काय आहे हे आधी ठरवावं लागेल. तेवढं जरी झालं तरी पुष्कळ झालं.

विद्यार्थ्यांना आवाज नसला की काय होतं, ते मार्च 2021 मध्ये पुण्यात दिसलं. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलल्याचं जाहीर झालं आणि अभ्यासिकांतली मुलं थेट रस्त्यावर उतरली. वर्षानुवर्षं कॉटबेसिसवर राहून, डबा लावून, घरून येणाऱ्या पैशांत दिवस काढणारी ती मुलं होती. त्यांच्या वतीनं बोलणारं, अधिकारानं बोलणारं, निवडून दिलेलं कुणीही नव्हतं. मग रस्ता हेच सभागृह झालं. परीक्षा पुढच्याच आठवड्यात, 21 मार्चला झाली. म्हणजे मुलांचं म्हणणं ऐकण्याजोगं होतं हे सरकारनंच मान्य केलं. तरुणांची बाजू मांडणं म्हणजे दर वेळी वाहतूक अडवणं, असं त्यांना आपणच शिकवत आहोत. आणि मग तेच आपण त्यांच्या नावावर दोष म्हणून लिहितो.

दुसरं दार स्थानिक संस्थांचं. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आबा अकरा वर्षं जिल्हा परिषदेवर राहिले, त्याचं एक कारण असं की 1979 नंतर या राज्यात जिल्हा परिषदांच्या निवडणुका थेट 1992 मध्ये झाल्या. जुना काळ सोन्याचा होता असं नाही. सरकारं तेव्हाही निवडणुका लांबवत होती. म्हणूनच तर 73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती करावी लागली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असं राज्यघटनेत लिहिलं गेलं. उमेदवारीचं वयही 21 ठरलं. विधानसभेला आणि लोकसभेला 25 लागतात. गावाच्या आणि शहराच्या कारभारात तरुणानं चार वर्षं आधी यावं, ही सोय घटनेनं जाणून ठेवली आहे.

ती सोय आपण वाया घालवली. मार्च 2022 मध्ये मुंबईसह राज्यातल्या अनेक महापालिकांची आणि बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेत वारंवार झालेले बदल आणि न्यायालयातल्या तारखा यांत वर्षं गेली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे गाडा हलला. मुंबईकरांना नगरसेवक निवडायला जानेवारी 2026 उजाडला. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकांनी पाहिला. अधिकाऱ्यांनी बरं केलं की वाईट, हा मुद्दा वेगळा. मला दिसतो तो 2022 मध्ये एकवीस वर्षांचा झालेला मुलगा. त्यानं चार वर्षं वाट पाहिली. त्यातली दोन वर्षं तो उत्साहानं लोकांच्या कामाला धावला असेल, तिसऱ्या वर्षी घरच्यांनी विचारलं असेल, 'याचं पुढं काय?', चौथ्या वर्षी तो पुण्याला किंवा चाकणला कामाला लागला असेल. निवडणूक जाहीर झाली तेव्हा उरले ते कोण? ज्यांना वाट पाहणं परवडतं ते. लांबलेली निवडणूक गरिबाच्या होतकरू पोराला न बोलता बाहेर काढते, हे ज्यांच्या हातात तारखा असतात त्यांनी मनावर घ्यावं.

तिसरी अडचण पैशाची, आणि ती सर्वांत कठीण. जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूक रद्द केली. लिलावाचा पैसा गावच्या देवळाला, विकासाला जाणार होता, असं समर्थन अशा वेळी होतं. पण बोली लागली की अंजनीचा मुलगा त्या चावडीवर उभाच राहू शकत नाही. आयोगानं कठोर व्हायलाच हवं होतं, आणि तो झाला. उरलेल्या गावांत जे उघडपणे होत नाही ते कसं थांबवायचं, हे मात्र आयोगाच्या हाती नाही. ते गावाच्या आणि पक्षांच्या हाती आहे.

निवडून आल्यावरचा पैशाचा प्रश्नही तितकाच खरा. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारनं सरपंचांचं मानधन दुप्पट केलं. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे ते आता महिना 6 ते 10 हजार आहे. निर्णय चांगला होता. पण चोवीस वर्षांच्या सरपंचाचा दिवस पाहा. सकाळी पाणीपुरवठ्याची मोटार जळाली म्हणून फोन, दुपारी पंचायत समितीत बैठक, पेट्रोल स्वतःचं, आलेल्या माणसाला चहा स्वतःचा, आणि रात्री डिजिटल स्वाक्षरीची अडचण सुटली नाही म्हणून बिल अडकलेलं. हे सगळं इमानानं करायचं तर घरचं कुणीतरी दुसरं कमावणारं हवं. 'कमवा आणि शिका'नं गरीब मुलाला शाळेत टिकवलं. सार्वजनिक कामात त्याला टिकवणारी तशी योजना आपण अजून शोधलेली नाही.

मुलांनाच रस नाही, ती मोबाइलमध्ये बुडाली आहेत, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. केरळकडे बघा. डिसेंबर 2020 मध्ये पतनमतिट्टा जिल्ह्यात रेश्मा मरियम रॉय ही मुलगी ग्रामपंचायतीची अध्यक्ष झाली. 21 वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं अर्ज भरला होता. त्याच महिन्यात आर्या राजेंद्रन ही गणित शिकणारी विद्यार्थिनी 21 व्या वर्षी तिरुअनंतपुरमची महापौर झाली. वडील इलेक्ट्रिशियन, आई विमा एजंट. मुलांच्या संघटनेपासून तिचं काम सुरू झालं होतं, पुढे विद्यार्थी संघटनेत. तिथं महाविद्यालयांत निवडणुका होतात, मुलांच्या संघटनाही आहेत, आणि पक्षानं उमेदवारी देताना वयाकडे बोट दाखवलं नाही. तिथल्या मुलींच्याही हातात मोबाइलच होता. त्या वर आल्या, कारण वर जायला जिना होता.

महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभा निवडणुकीत सर्वांत तरुण आमदार म्हणून निवडून आले ते रोहित पाटील, वय 25, मतदारसंघ तासगाव-कवठेमहांकाळ. आबांचे ते पुत्र. मतदारांनी त्यांना कौल दिला आहे, त्यांनी कामातून तो सार्थ करावा, अशी शुभेच्छा कुणीही देईल. माझं म्हणणं त्यांच्याविरुद्ध नाही. आबांच्या पोटी जन्मलेल्या मुलाला आज वाट आहे. आबांसारख्या मुलाला ती आहे का, एवढंच मला विचारायचं आहे. वारशानं आलेला तरुण चांगला निघू शकतो. पण ज्या राज्यात तरुण नेता म्हटलं की आधी आडनाव विचारलं जातं, त्या राज्यानं आपल्या लाखो घरांतली गुणवत्ता न उघडताच ठेवून दिली आहे.

काय करता येईल? फार काही शोधावं लागणार नाही, कारण बहुतेक गोष्टी कायद्यात आहेतच. येत्या शैक्षणिक वर्षात 2016 च्या कायद्याप्रमाणे विद्यार्थी परिषदांच्या निवडणुका घ्याव्यात, लिंगडोह समितीच्या अटी कसोशीनं पाळून घ्याव्यात, आणि एखाद्या ठिकाणी गडबड झाली तर त्या महाविद्यालयापुरती कारवाई करावी. साऱ्या राज्याला पुन्हा कुलूप लावू नये. स्थानिक संस्थांची मुदत संपण्याच्या वर्षभर आधी प्रभागरचना आणि आरक्षण यांचं काम उरकावं, म्हणजे प्रशासक नेमायची वेळच येणार नाही. पक्षांनी जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या काही जागा तरी अशा तरुण-तरुणींना द्याव्यात, ज्यांच्या घरात आधी कुणी पदावर नव्हतं, आणि त्यांचा प्रचाराचा खर्च पक्षानं उचलावा. मतदार दिनी 18 वर्षांच्या मुलांना ओळखपत्र देऊन टाळ्या वाजवतो, त्याच दिवशी त्यांना ग्रामसभेची तारीख आणि ग्रामपंचायतीच्या वह्या कशा वाचायच्या हेही सांगावं. नमुना 5 म्हणजे रोकडवही, नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंद. ही दोन पुस्तकं ज्याला वाचता आली त्याला गावाचा निम्मा कारभार कळला.

आणि वडीलधाऱ्यांनी एक करावं. सभेत मूल उठलं की त्याला आजोबांकडे पाठवू नये. तरुणांच्या वतीनं बोलणारे नेते पुष्कळ आहेत. तरुणांना स्वतः बोलू देणारे थोडे. युवकांचा कैवार घ्यायचा असेल तर पहिलं काम त्यांना उभं राहू देण्याचं आहे, मग त्यांचं म्हणणं आपल्याला अडचणीचं का असेना.

त्या गावातल्या सभेचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. मुलगी उभी राहिली तशी उभीच होती. सरपंचबाईंनी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे पाहिलं, त्यांनी शिपायाकडे. शिपाई म्हणाला, किल्ली मागच्या कारभाऱ्यांच्या घरी खुंटीला आहे, कुणी मागितली नाही म्हणून राहिली. सरपंचबाईंनी एका पोराला सायकलवर पाठवलं. दहा मिनिटांत किल्ली टेबलावर आली. आठ महिने लागले ते किल्ली सापडायला नव्हे. ती मागायला भर सभेत कुणीतरी उठायला. सरपंचबाईंनी ती मुलीच्या हातात दिली आणि प्रोसिडिंगमध्ये तशी नोंद करायला सांगितली. मुलीनं नोंद लिहून होईपर्यंत टेबलाजवळ थांबून ती वाचली, मगच ती निघाली.

सभा संपल्यावर ती माझ्याजवळ आली. पुढच्या वर्षी मी एकवीसची होईन, म्हणाली. अर्जाला काय काय लागतं? मी सांगितलं: यादीतलं नाव, कराची थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, राखीव जागा असेल तर जातीचा. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं, "निवडणूक वेळेवर होईल ना?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते तिला द्यावं.